1911 चा इंग्लंड दौरा आणि बाळू पालवणकरांचे 114 बळी

मित्रहो, भारतीय संघाच्या 1911 च्या दौऱ्याचा विषय निघाला की एक आकडा हमखास सांगितला जातो : डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकरांचे 114 बळी, बळीमागे सरासरी 18.84 धावा. आकडा खरा आहे. पण तो उन्हाळा कसा होता, तेव्हाचे नियम काय होते आणि बाळूंच्या मदतीला कोण होतं, हे पाहिल्याशिवाय त्या बळींचं मोल कळत नाही.

आधी दौऱ्याची मांडणी बघू. पारशी संघ 1886 आणि 1888 मध्ये इंग्लंडला जाऊन आले होते. सगळ्या जमातींचा मिळून संघ पाठवायचा पहिला प्रयत्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच झाला, पण कोणाचे किती खेळाडू यावरच तो मोडला. अखेर 1911 मध्ये पारशी, हिंदू, मुसलमान आणि शीख असा एकत्र संघ निघाला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षं 19. दौऱ्याला पैसा त्यांचा, म्हणून कर्णधारपदही त्यांचं. एकूण 23 सामने झाले, 6 जिंकले, 15 हरले, 2 अनिर्णित राहिले. त्यांतले 14 सामने प्रथम श्रेणीचे होते, आणि तिथला हिशेब 2 विजय, 10 पराभव आणि 2 अनिर्णित असा आहे.

आता हवामान. इंग्लंडच्या दौऱ्यात फिरकी गोलंदाजाला पावसाचा आधार असतो, असं आपण धरून चालतो. खेळपट्ट्या तेव्हा झाकत नसत. पाऊस पडून ऊन आलं की वरचा थर चिकट व्हायचा आणि चेंडू उसळी मारून वळायचा. पण 1911 चा उन्हाळा इंग्लंडच्या इतिहासातल्या कडक उन्हाळ्यांपैकी एक. ऑगस्टमध्ये पारा 36 अंशांच्या वर गेला होता. सलग कोरडं हवामान असलं की खेळपट्टी टणक होते, चेंडू बॅटवर सरळ येतो आणि कौंटीचे, म्हणजे इंग्लंडमधल्या परगण्यांच्या संघांचे, फलंदाज धावांची लूट करतात. अशा खेळपट्टीवर डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाला फलंदाज हवेतच फसवावा लागतो. टप्पा हातभर आखूड पडला की कट, हातभर पुढे पडला की ड्राइव्ह. वेग बदलायचा तो हात न बदलता, उंची द्यायची ती टप्पा न हलवता.

हे कौशल्य बाळूंनी मिळवलं पुण्यात. युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटायची, रेघा आखायच्या, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्यांचं काम. कॅप्टन ग्रेगसारख्या पट्टीच्या फलंदाजाला ते वर्षानुवर्षं गोलंदाजी करत होते. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. जो माणूस खेळपट्टी स्वतः तयार करतो आणि मग तिच्यावर दिवसभर गोलंदाजी करतो, त्याला तिची नस कळते, आणि थकवा न आणणारी सहज ॲक्शनही अंगवळणी पडते.

आता पायचीतचा, म्हणजे यष्टींवर जाणारा चेंडू पायाने अडवला तर बाद देण्याचा, नियम लक्षात घ्या, कारण तो फार कमी जण विचारात घेतात. त्या काळी चेंडू दोन्हीकडच्या यष्टींमधल्या सरळ पट्ट्यात पडला असेल तरच फलंदाज पायचीत. ऑफ यष्टीबाहेर पडलेल्या चेंडूवर पायचीत मिळू लागलं ते 1935 च्या प्रयोगानंतर. डावखुरा फिरकी गोलंदाज अराउंड द विकेट, म्हणजे यष्टी आपल्या उजव्या हाताला ठेवून, आला की त्याचा न वळणारा चेंडू उजव्या फलंदाजाच्या ऑफबाहेर पडून यष्टींकडे येतो. आज त्यावर पंचाचं बोट वर जातं. 1911 मध्ये फलंदाज खुशाल पॅड पुढे करायचा. म्हणजे बाळूंना बळी मिळवायचे मार्ग उरले तीन : त्रिफळा, यष्टिचीत आणि झेल. त्यांतले दोन इतरांच्या हातात.

इथेच संघ तोकडा पडला. त्याच हंगामात केंटच्या फ्रेड ह्यूश यांनी यष्टींमागे 100 बळी घेतले. ब्लाइथ आणि वूली हे केंटचे डावखुरे फिरकी गोलंदाज त्यांच्यासारख्याच्या भरवशावर टाकत होते. आपला संघ मेमध्ये बोटीने निघाला आणि 1 जूनला ऑक्सफर्डला मैदानात उतरला. आठवड्यात तीन-तीन दिवसांचे दोन सामने, रविवारी सुट्टी, मधल्या वेळात आगगाडीचा प्रवास. क्षेत्ररक्षणाचा सराव करणार कधी? सलामीची जोडी झटपट फोडेल असा वेगवान गोलंदाज नव्हता, त्यामुळे जम बसलेल्या फलंदाजापुढे बाळूंना यावं लागे. दुसऱ्या बाजूचे वॉर्डन गुणी, पण तेही डावखुरे फिरकीच.

त्यातच कर्णधार निघून गेले. जूनमध्ये पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक होता. महाराज मेजवान्यांत गुंतले आणि थोडेच सामने खेळले. त्यांचे सचिव कर्नल मिस्त्री हे संघातले सर्वोत्तम फलंदाज, तेही त्यांच्याबरोबर गेले. माझ्या मते दौऱ्याचं सर्वांत मोठं नुकसान हेच. महाराजांची जागा भरता आली असती, मिस्त्रींची नाही.

पहिला प्रथम श्रेणी विजय मिळायला जुलै उजाडला. लेस्टरशायरविरुद्ध डॉ. कांगांनी 163 धावा केल्या, बाळूंनी पहिल्या डावात 92 धावांत 5 आणि दुसऱ्यात 93 धावांत 6 बळी घेतले. फलंदाजांनी धावांची राशी उभी केली की काय होतं, ते या सामन्यात दिसतं. क्षेत्ररक्षक जवळ ठेवता येतात, चेंडूला उंची देता येते, एखादा चौकार गेला तरी चालतो. त्यानंतर टॉन्टनला सॉमरसेटविरुद्ध एका गड्याने विजय मिळाला, तो बाळूंचे धाकटे भाऊ शिवराम यांच्या नाबाद 113 धावांमुळे. शिवराम यांनी सर्व सामन्यांत मिळून 930 धावा केल्या.

दुबळ्या संघांविरुद्ध बळी मिळवून आकडा फुगवला, अशी शंका कोणी घेऊ नये. 114 पैकी 75 बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले आहेत, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश, आणि तिथली सरासरी 20.12 आहे. केम्ब्रिज विद्यापीठाचे आठ फलंदाज त्यांनी 103 धावांत बाद केले. तेव्हा त्यांचं वय 35 होतं.

1932 चा संघ निघाला तेव्हा निसार आणि अमरसिंग या जोडीने वेगवान गोलंदाजीची उणीव भरून काढली. पण बाळूंच्या तोडीचा डावखुरा फिरकी गोलंदाज त्या संघात नव्हता. इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा तसा गोलंदाज पुन्हा मिळायला 1946 साल यावं लागलं. त्या वर्षी विनू मंकड यांनी 129 बळी घेतले.