एकाच रानातल्या दोन वॉलाबी

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील निलगिरीच्या रानात दिवस मावळतीला लागला की कडेच्या गवतावर एक वॉलाबी, म्हणजे कांगारूच्या कुळातला पण आकाराने लहान, पोटाशी पिशवी असलेला प्राणी, चरायला येते. मानेवर आणि खांद्यांवर तांबूस झाक असलेली ही लाल मानेची वॉलाबी. तिच्यामागे झुडपांना खेटून जी गडद, दाट केसांची दुसरी उभी आहे, ती दलदली वॉलाबी. चाहूल लागताच ती मान खाली घालून, शेपूट मागे सरळ ताणून झाडोऱ्यात शिरते.

पहिलीचा मुख्य आहार गवत. दुसरी मात्र पाने, कोवळे धुमारे, इतकेच काय, इतर जनावरांना विषारी ठरणारे ब्रॅकन नेचेही खाते. तिच्या जबड्यातील धारदार उपदाढ आयुष्यभर टिकते आणि चिवट देठ कापण्याच्या कामी येते. गुणसूत्रांमधील तफावत तर थक्क करणारी आहे: लाल मानेच्या वॉलाबीत 16, दलदली वॉलाबीच्या मादीत 10 आणि नरात 11. तरीही डीएनएच्या अभ्यासातून या दोघी जवळच्या नातलग ठरतात.

खरे नवल आहे ते त्यांच्या मातृत्वात. दोन्ही माद्यांना दोन-दोन गर्भाशये असतात. लाल मानेच्या वॉलाबीचे पिल्लू साधारण महिनाभरात जन्मते. वजनाने एक ग्रॅमही न भरणारा तो जीव स्वतःच चढत पिशवीत पोहोचतो, आणि त्यानंतरच मादी पुन्हा गाभण राहते. दलदली वॉलाबी मात्र प्रसूतीची वाट पाहत नाही. एका गर्भाशयात पूर्ण वाढ झालेला गर्भ असतानाच, प्रसूतीच्या एक-दोन दिवस आधी, तिचा नराशी समागम होतो आणि दुसऱ्या गर्भाशयात नवा गर्भ रुजतो. मेलबर्न आणि बर्लिन येथील संशोधकांनी सोनोग्राफीच्या साहाय्याने केलेली ही नोंद 2020 मध्ये प्रसिद्ध झाली.

पिशवीतील पिल्लू दूध पीत असेपर्यंत हा नवा गर्भ जेमतेम शंभर पेशींचा गोळा होऊन सुप्तावस्थेत थांबतो. त्याच वेळी पिशवीबाहेर पडलेले थोरले भावंडही आत तोंड घालून दूध पीत असते, आणि त्याच्या सडातील दूध धाकट्याच्या दुधाहून अधिक स्निग्ध असते. अशा रीतीने वयात आलेली दलदली वॉलाबी जवळजवळ अखंड गाभण राहते.