सायमीजला घर नाही, माणूस लागतो

नमस्कार मंडळी. लहानपणापासून आपण ऐकत आलोय की कुत्रा माणसाचा असतो आणि मांजर घराचं, म्हणजे तुम्ही बिऱ्हाड हलवलंत तरी मांजर परत जुन्या ओट्यावर जाऊन बसणार. गावठी मांजरांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण सायमीज आणायचं मनात असेल तर हे आधी डोक्यातून काढा. हे मांजर माणसाचं असतं, आणि पुष्कळदा घरातल्या एकाच माणसाचं.

आमच्याकडे सायमीज भाटी आहे, नऊ वर्षं झाली. मी बाथरूममध्ये गेले की ती दाराबाहेर बसून बोलत राहते. त्याला म्यांव म्हणवत नाही, तान्हं बाळ रडतं ना तसा लांबवलेला, जाडसर आवाज असतो तो. भुकेचा वेगळा, बाल्कनीचं दार उघड म्हणून वेगळा, आणि तुम्ही उत्तर दिलंत की ती परत बोलणार, परत तुम्ही, परत ती. फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांचा विचार करा, कारण माजावर आली की रात्र रात्र ओरडते, आणि सायमीज लवकर माजावर येतात, चौथ्या-पाचव्या महिन्यातसुद्धा, त्यामुळे नसबंदीचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

नसबंदीवरून आठवलं. हिचं ऑपरेशन डिसेंबरात झालं, त्यासाठी डाव्या कुशीवरचे केस काढले होते, तर तिथे नवीन केस आले ते चक्क चॉकलेटी! मी घाबरून डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी समजावलं की हिच्या अंगात रंग बनवणारं जे एन्झाइम आहे ते उबेत काम करत नाही, गार जागीच करतं, म्हणून कान, तोंड, पंजे, शेपूट गडद आणि बाकी अंग फिकं. पिल्लं जन्मतात तीही जवळजवळ पांढरीच, आईच्या पोटात ऊब असते म्हणून. केस काढलेली जागा थंडीत गार पडली, तिथे रंग धरला. पुढे ते केस झडून नवे आले ते पुन्हा फिके. मला हे फार सुंदर वाटतं, थंडी अंगावर लिहून ठेवणारं जनावर.

मूळ थायलंडचं हे, जुन्या सयामचं, तिथे नाव विचियनमात, आणि मांजरांवरच्या जुन्या थाई पोथ्यांत याची चित्रं आहेत. १८८४ च्या सुमाराला बँकॉकमधले ब्रिटिश अधिकारी गूल्ड यांनी बहिणीसाठी एक जोडी इंग्लंडला नेली, फो आणि मिआ, आणि त्यांची पिल्लं १८८५ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात होती.

आता खरं सांगायचंय ते. मघाशी एकांनी विचारलं, आम्ही दोघंही सकाळी नऊला निघतो, चालेल का? नाही चालणार, निदान एकटं सायमीज नाही. मी स्वतः ही चूक केलीय. मध्ये वर्षभर माझं ऑफिस लांब होतं, घर दहा दहा तास बंद, तर हिने आधी पोट चाटून चाटून केस घालवले आणि मग लोकरीचं सगळं चावायला लागली, स्वेटर, शाल, आईची जुनी गोधडीसुद्धा. सायमीज आणि त्याच्या जवळच्या जातींत ही लोकर चावायची खोड जास्त दिसते, आणि ती साधी खोड म्हणून सोडून देऊ नका, कारण धागे पोटात गेले की आतडं अडकतं आणि जिवावर बेततं. लोकरीचे कपडे कपाटात बंद ठेवा, आणि मांजराने खाणं सोडलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आम्ही शेवटी पार्किंगमधला एक गावठी बोका घरात घेतला. पंधरा दिवस ती पलंगाखालून त्याच्यावर गुरगुरली, मग एका दुपारी दोघं एकाच खुर्चीवर झोपलेली दिसली. पोटावरचे केस परत आले. दिवसा ती त्याच्याशी बोलते, पण तो काही उत्तर देत नाही, म्हणून रात्री आठला माझ्या किल्लीचा आवाज आला की दिवसभराचं सगळं दारातच सुरू होतं, आणि मी चप्पल काढायच्या आधी खाली बसून ते ऐकते.