साच्यावरची काच

(दृश्य: ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातली गच्ची. वरून विमान गेल्याचा गडगडाट.)

लष्कर भागात राहणारा या आवाजाला मान वर करत नाही. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून मिराज हे लढाऊ विमान उडालं, एवढंच. १९८५पासून ही विमानं ग्वाल्हेरकरांच्या डोक्यावर आहेत. गच्चीवरच्या या खोलीत त्यातलंच एक घडतंय, अठ्ठेचाळीस पट लहान. नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम तीस सेंटिमीटर.

छोट्या प्रतिकृतींचं कौतुक या गावाला जुनंच. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढे सिगार आणि मद्य घेऊन फिरायची. इथे तो थाट नाही. एक जुना ओटीजी म्हणजे घरगुती ओव्हन, व्हॅक्यूम क्लीनर आणि निवृत्त ड्रॉइंग मास्तर.

सुटे भाग जोडायच्या विकतच्या संचातलं विमान एका वैमानिकाचं, मास्तरांना हवंय दोघांचं. धड कापून, भरून, घासून झालं. राहिली वरची काच, म्हणजे कॅनपी. ती लांब हवी आणि पातळही. संचातली एक मिलिमीटरची काच खऱ्या विमानाच्या मापात जवळपास पाच सेंटिमीटर भरते!

(दृश्य: साचा, अगदी जवळून.)

तापवलेली पारदर्शक प्लॅस्टिक शीट या साच्यावर दाबून काच घडते, म्हणून सगळा जीव त्याच्यात आहे. लाकडावर एमसीलचा थर, त्यावर पॉलिशपेपर, आधी खरखरीत, शेवटी दोन हजार नंबरचा, तोही पाण्यातून. लाकडाची एखादी रेघ उरली तर काचेत ती हमखास उमटते. साचा शीटच्या जाडीइतका लहान ठेवायचा, नाहीतर काच धडावर बसत नाही. आणि खालून उंच करायचा, कारण शीट तळाशी पसरते. तो पसरट भाग नंतर कापून टाकतात.

(दृश्य: ओटीजीच्या काचेतून दिसणारी शीट.)

लाकडी चौकटीत आवळलेली पीईटीजी या प्लॅस्टिकची शीट तापतेय. आधी ती पापडासारखी सुरकुतते.

“काका, काढू?” पुतण्या मास्तरांना विचारतो.

“थांब रे. अजून ताणली नाहीये.”

सुरकुत्या जातात, शीट सपाट होते, मग मधोमध झोळ धरते.

“हां, आता!”

साचा भोकं पाडलेल्या डब्यावर ठेवलाय. चौकट साच्यावर दाबली, डब्याला जोडलेला क्लीनर खाली सुरू. दोन सेकंदांत काम फत्ते. क्लीनर शीट ओढतो असं वाटतं, पण दाबते ती बाहेरची हवा. डब्याच्या बारीक भोकांतून खालची हवा उपसली की वरची हवा शीटला साच्यावर बसवते. घरगुती क्लीनरने दाबात पडणारा फरक वातावरणाच्या दाबाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकाच असतो. एवढ्याशा कॅनपीला तो पुरतो.

मिठाईच्या पारदर्शक डब्याचं झाकणही चालतं, पण ते बहुधा साध्या पीईटीचं. जास्त तापलं की पांढुरकं पडतं. पीव्हीसी मात्र बंद खोलीत तापवू नये. करपलं तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. म्हणून तर हा संसार गच्चीवर. ओटीजीही फक्त याच कामाचा, स्वयंपाकघरात परत न जाणारा. काकूंचा तसा हुकूमच आहे.

(दृश्य: ब्लेडने कडा कापताना.)

कापताना घाई नाही. ब्लेड एकाच रेषेवरून हलकेच पुन्हा पुन्हा फिरवायचं. एका दमात कापायला गेलं की शीट तडकते. चिकटवायला फेव्हिकॉल. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेवर पांढरी साय धरते, आणि आत मेहनतीने रंगवलेली दोन्ही आसनं धुक्यात जातात.

पुतण्याने दुसरी शीट चौकटीत आवळलीय. या खेपेला काढायची वेळ तोच सांगणार आहे.