गॅलरीच्या दाराशी टांगलेली दुर्बीण

(पुण्यातल्या एका निसर्गप्रेमी गटापुढे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. विषय छापलाय ‘परवडणारी दुर्बीण कशी निवडावी’. त्याकडे येतेच. पण आधी आईची गोष्ट सांगू द्या, कारण दुर्बिणीबद्दल मला जे कळलं ते तिच्या गॅलरीत कळलं.

घरात दुर्बीण किती जणांकडे आहे? बरेच हात वर आलेत. आणि ती असते कुठे? कपाटात, वरच्या खणात. वर्षातून एकदा भिगवणला रोहित बघायला निघते आणि परत खणात जाते. मला हे मनापासून खटकतं. पक्षी काय फक्त भिगवणला असतात? तांबट सकाळपासून तुमच्या पिंपळावर टुकटुक करत असतो. शिंजीर जास्वंदीवर येतो, शिक्रा टाकीवर बसतो. दुर्बिणीची जागा गॅलरीच्या दाराशी, खिळ्याला. हात घातला की मिळाली पाहिजे.

तर आई. वय अठ्ठ्याहत्तर. वर्षानुवर्षं रोज पहाटे वेताळ टेकडी चढणारी बाई, गुडघ्यांनी घरी बसवली. एरंडवण्यात तिसऱ्या मजल्यावर घर, समोर जुना पर्जन्यवृक्ष. कधीतरी फांदी मोडून पडली होती, तिथे ढोली झालेली. गॅलरीपासून वीसेक मीटर. एका एप्रिलमध्ये आईचा फोन: ‘अगं, झाडावर घार ओरडतेय, पण दिसते वेगळीच.’ जाऊन बघते तर राखी धनेशाची जोडी! त्यांची किंकाळी ऐकायला घारीसारखीच वाटते, तिचा कान चुकला नव्हता. मादी ढोलीत शिरते आणि आपल्याच विष्ठेनं ढोलीचं तोंड लिंपून घेते. फक्त एक उभी फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला भरवतो. हे सगळं आमच्या गॅलरीसमोर चाललेलं, आणि आईला दिसत होता फक्त एक करडा ठिपका.

मी त्याच संध्याकाळी एका दुकानात गेले. सांगितलं, आईला घरातून पक्षी बघायचेत. त्यांनी २० × ५० काढून दिली, म्हणजे वीस पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलीमीटर व्यासाचं. ‘वीस पट आहे ताई, चंद्रावरचे खड्डे दिसतील.’ मी घेतली. आईनं दोन दिवस प्रयत्न केला, मग ती खाली ठेवून म्हणाली, ‘राहू दे गं. माझ्या डोळ्यांनाच दिसत नाही आता.’

या वाक्याचा राग मला आजही येतो. दोष वस्तूचा, आणि बाई आपल्या डोळ्यांना बोल लावतेय. दुकानात परत गेले तर ‘फुटली नाही ना, मग बदलून मिळणार नाही.’ अशा किती आज्यांनी आणि किती शाळकरी पोरांनी ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून दुर्बीण बाजूला ठेवली असेल!

काय होत होतं ते ऐका. वीस पट दुर्बीण पक्षी वीस पट मोठा करते, तसा हाताचा कंपही वीस पट करते. त्यात दिसणारा भाग अरुंद. साधारण तीन अंशांचं दृश्य धरा, म्हणजे वीस मीटरवर जेमतेम एक मीटर रुंदीचा गोल. हलत्या गोलात ढोली शोधायची कशी? आणि उजेड. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. ५० भागिले २०, अडीच मिलीमीटर. भर उन्हात ठीक. पण दाट झाडाखाली, दिवेलागणीला डोळ्यातली बाहुली याहून मोठी होते, आणि चित्र काळवंडतं.

मग एका मैत्रिणीनं तिची ८ × ४२ दिली. झोत सव्वापाच मिलीमीटरचा, दृश्य आठ अंशांचं, म्हणजे त्याच अंतरावर पावणेतीन मीटर. आईनं कठड्यावर कोपरं टेकली. मिनिटभर काही बोलली नाही. मग एकदम, ‘अगं, चोच! फटीतून चोच बाहेर आली!’ नर घशातून एकेक उंबर वर काढून तिला देत होता. त्या दिवसापासून कॅलेंडरच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाशेजारी खेपा लिहिल्या जाऊ लागल्या. ‘सकाळी ७.१०, उंबरं ९, एक पाल.’

समोरच्या इमारतीतून तक्रार आली, तीही सांगते. ‘तुमच्या आई आमच्या घरात बघतात.’ आईनं त्या काकूंना चहाला बोलावलं आणि दुर्बीण हातात दिली. आता खेपा दोन कॅलेंडरांवर लिहिल्या जातात. पण दुर्बीण खिडक्यांवर रोखायची नाही, हे पथ्य पाळाच. आणि सूर्याकडे कधीही नाही.

संयोजक चिठ्ठी दाखवतायत. पाच मिनिटं. बरं, भराभर सांगते.

घरासाठी आठ पट. व्यास ४२, वजन झेपत नसेल तर ३२. दहा पट ज्यांचे हात स्थिर आहेत त्यांनी घ्यावी. झूमवाली नको, परवडणाऱ्या किमतीत ती चांगली बनत नाही. कमी पैशांत खांदे फुगलेली जुन्या घडणीची दुर्बीण बघा. इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेली प्रिझमची, म्हणजे आतल्या तिकोनी काचांची, रचना आहे ती. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत तेवढंच स्वच्छ चित्र हवं तर प्रिझमवर जास्तीचा लेप लागतो, म्हणून ती महाग पडते. मात्र पोरोवाली जवळचं कमी दाखवते, बऱ्याचदा चार-पाच मीटरच्या अलीकडे नाही. कुंडीतली फुलपाखरं बघायची तर दोन मीटरवर फोकस होणारी सरळ नळीची घ्या. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे भिंगापासून जेवढ्या अंतरावर डोळा ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिलीमीटरच्या वर हवा, आणि डोळ्याकडची रबरी वाटी खाली करून बघायचं.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याकडच्या भिंगांत प्रकाशाची दोन वर्तुळं दिसतील. ती पूर्ण गोल हवीत. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझमची काच हलक्या प्रतीची. पुढचं भिंग लालभडक आरशासारखं चमकत असेल तर ठेवून द्या.

घरी आल्यावर आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्याचं चित्र स्वच्छ करा. मग डावा मिटून डोळ्याकडच्या उजव्या भिंगाचं कडं फिरवा. हे केलं नाही म्हणून चांगल्या दुर्बिणीही बदनाम होतात. बंद काचेतून बघू नका. कबुतरांची जाळी असेल तर दुर्बीण अगदी जाळीला टेकवा, जाळी विरून जाते. पावसाळ्यात खिळ्यावरून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, भिंगाला बुरशी लागली की निघता निघत नाही.

मागच्या टेबलावर चार दुर्बिणी आहेत, त्यात आईची २० × ५० पण आणलीय. आधी ती हातात घ्या, मग ८ × ४२. हॉलच्या गॅलरीतून समोर आंबा दिसतो, त्यात पिंगळ्याची जोडी राहते. आत्ता, दिवे लागायच्या आधी बाहेर येतात. चला, कोपरं कठड्यावर टेका.