बाटलीवरचे वीस रुपये

(दृश्य : कळसूबाईची वाट, सकाळचे सात. लोखंडी शिडीवर पावलांचा आवाज.)

बारी गावातून निघालं की शिखर समोर दिसतं, आणि कितीही चाललं तरी तेवढंच लांब राहतं. 1646 मीटर. महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. आपण पाठीवरची एक पिशवी सांभाळत धापा टाकतो. पुढे चाललेल्या मावशींच्या डोक्यावर पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स आहे. लिटरच्या बारा बाटल्या, म्हणजे बारा किलो. शिवाय हातात लिंबांची पिशवी.

वर गेल्यावर त्या बाटली तीस रुपयांना देतात. बाटलीवर छापलंय वीस, आणि पुढे बारीक अक्षरात 'सर्व करांसहित'.

नियमाप्रमाणे मावशींनी हे करायला नको. पण तो नियम कशासाठी आला, ते आधी बघू. मग परत वर येऊ.

(दृश्य : किराणा दुकान. काउंटरवर पुडे, बरण्या.)

आज ज्यांची साठी उलटली आहे, त्यांना हे आठवत असेल. तेव्हाही पुड्यांवर किंमत असायची, पण अनेकदा तिच्या शेजारी शब्द असायचे : 'स्थानिक कर वेगळे'. कर नेमका किती, हे गिऱ्हाइकाला कुठून कळणार? दुकानदार जो आकडा सांगेल तो द्यायचा. एकाच गल्लीतल्या दोन दुकानांत एकाच साबणाचे दोन भाव, आणि दोन्ही दुकानदार कराकडेच बोट दाखवणार.

1990 मध्ये हे बदललं. सगळे कर धरून एकच कमाल किंमत छापायची, आणि तिच्यावर एक रुपयाही घ्यायचा नाही, असा नियम झाला. आता तो 2009 च्या वैधमापन, म्हणजे वजन-मापांच्या, कायद्याखाली चालतो. छापलेला आकडा खोडायचा नाही, पुसायचा नाही. किंमत कमी करायची असेल तर स्टिकर लावता येतो, पण तोही जुन्या आकड्यावर चिकटवून नाही. जुना आकडा दिसलाच पाहिजे.

या नियमाने काय दिलं? सात वर्षांच्या पोराला दुकानात पाठवलं तरी त्याला कुणी सहज फसवू शकत नाही. जिला अक्षरं वाचता येत नाहीत, ती आजीसुद्धा आकड्यावर बोट ठेवून विचारते, "हे किती लिवलंय?" गरिबाच्या हातात इतकं साधं आणि इतकं उपयोगी हत्यार फार थोड्या कायद्यांनी दिलं आहे, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : एसटी स्टँड, दुपार. थंड पेयांचा फ्रीज.)

तरीही मे महिन्यात स्टँडवर गार बाटली घेतली की दोन रुपये जास्त मागतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "कूलिंगचे." दुधाच्या पिशवीवरही काही ठिकाणी हेच चालतं. हे पैसे घेता येत नाहीत. फ्रीजचं बिल हा धंद्याचा खर्च, तो छापील किमतीतच धरलेला असतो. मी एकदा हुज्जत घातली, तेव्हा मागे रांगेत उभा असलेला माणूस मलाच म्हणाला, "अहो, दोन रुपयांसाठी कशाला? गाडी सुटेल." त्याचं खरं होतं, गाडी सुटतच होती. दिवसभरात त्या फ्रीजमधून किती बाटल्या निघतात, हा हिशोब मात्र गाडीत बसलेला कुणी करत नाही. तक्रार करायची तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि आपल्या जिल्ह्यात वैधमापनाचं कार्यालय आहे. बाटलीचा फोटो आणि बिल असलं तर बोलायला बळ येतं.

(दृश्य : पुड्याचा क्लोजअप. कॅमेरा आकड्यावर थांबतो.)

आता खरा प्रश्न. हा आकडा ठरवतं कोण?

पुष्कळांना वाटतं, सरकार. तसं नाही. काही औषधांसारख्या मोजक्या वस्तू सोडल्या, तर छापील किंमत कंपनीच ठरवते. छापलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच कायदा सांगतो. छापायचं किती, याबद्दल तो गप्प आहे. म्हणजे दुकानदाराला वेसण आहे, छापणाऱ्याला नाही. म्हणूनच 'छापील किमतीवर 60 टक्के सूट' हा बोर्ड लागू शकतो. ती सूट नेमकी कशावर आहे, ते एकदा स्वतःला विचारून बघा.

आणि आकडा तसाच ठेवूनही भाव वाढवता येतो. समजा, दहाच्या बिस्किटपुड्यात 50 ग्रॅम होते. आता 45 आहेत. पुडा तसाच, रंग तोच, दहा रुपयेही तेच. पण किलोला 200 पडत होते, ते आता 222 पडतात. आई डब्यात पुडा ठेवते आणि पोरगं म्हणतं, "दोन कमी आहेत." पूर्वी बिस्किटं, चहा, खाद्यतेल अशा वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्या लागत. 2021 च्या दुरुस्तीने ते बंधन काढलं, आणि त्याऐवजी ग्रॅममागे किती पडतात ते छापायला सांगितलं. कल्पना चांगली आहे. पण पुड्यावर '0.22 रुपये प्रति ग्रॅम' वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? पावशेराला किती पडतात, असं लिहिलं असतं तर माझ्या आईला चटकन कळलं असतं.

(दृश्य : मेडिकलचं काउंटर. स्ट्रिप, इंजेक्शनची बाटली.)

सगळ्यात जड आकडे औषधांवर असतात. अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना सरकार कमाल मर्यादा घालतं. बाकीच्यांची किंमत वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, पण सुरुवातीला किती छापायची ते कंपनीच्या हातात असतं. 2018 मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. काही वस्तूंवर नफा 1,737 टक्क्यांपर्यंत गेला होता. आणि हे छापील किमतीच्या आत राहून. मोठी खरेदी करणाऱ्या रुग्णालयालाच चढी छापील किंमत हवी असते, कारण स्वस्तात घेतलेला माल पेशंटला त्या किमतीने लावता येतो.

माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी प्रत्येक बिलावरचा आकडा बाटलीवरच्या आकड्याशी ताडून बघत होतो. सगळे जुळत होते. मी निर्धास्त झालो. आज कळतं, मी चुकीची गोष्ट तपासत होतो.

2019 मध्ये 42 कर्करोगविरोधी औषधांच्या विक्रीवरच्या नफ्याला 30 टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा काहींची छापील किंमत निम्म्याहून खाली आली. औषध तेच होतं, फक्त आकडा उतरला.

(दृश्य : पुन्हा कळसूबाई. वारा.)

आपण परत मावशींपाशी.

2017 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेल आणि रेस्टॉरंटला पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने देता येते. तिथे गिऱ्हाईक नुसतं पाणी विकत घेत नाही, तिथलं वातावरण आणि सेवा घेतं. टेबलापर्यंत बाटली आणून देणं ही सेवा झाली. बारीपासून शिड्या चढून बारा किलो डोक्यावरून आणणं, याला नियमात शब्द नाही.

मावशी बॉक्स उतरवतात, चुंबळ सोडतात, पाणी प्यायच्या आधी दगडावर लिंबं मांडतात. एक मुलगा बाटली उलटीपालटी करून म्हणतो, "काकू, यावर तर वीस लिहिलंय." मावशी काही बोलत नाहीत, त्याच्याकडून वीसच घेतात.

मग तो लिंबूसरबत मागतो. त्या लिंबू चिरतात, मीठ-साखर टाकतात, पेला पुढे करतात. पेल्यावर काहीच छापलेलं नाही. मुलगा एका दमात पेला रिकामा करतो आणि विचारतो, "किती झाले?"