चौदा की तेरा?

मंडळी, बिनचूक असण्याचा हट्ट सोडून स्वतःला होकार कसा द्यायचा, यावर चार मुद्दे मांडीन आणि चाळीस मिनिटांत खाली बसेन, असा शब्द अध्यक्षांना दिला आहे. मुद्दे या कागदावर आहेत. कागद पाच वेळा लिहून काढला, कारण चौथ्या वेळी समासात शाईचा डाग पडला होता. हसताय? हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी घरी असेच कागद फाडलेले असणार.

आधी एक गोष्ट सांगते. लहानशी आहे. माझ्या लहानशा गोष्टी किती लहान असतात, ते घरच्यांना विचारा.

उपासनेत शास्त्रपाठ वाचायची पाळी माझ्यावर आली आणि वाट्याला आला मत्तयाचा, बायबलच्या नव्या करारातल्या पहिल्या पुस्तकाचा, पहिला अध्याय. म्हणजे येशूची वंशावळ. ती ऐकताना लोक खोकून घेतात, चष्मा पुसतात. मी मात्र आठवडाभर घोकत होते. शल्तीएल, जरुब्बाबेल, अबीहूद, एल्याकीम. जरुब्बाबेल तर झोपेतून उठवलं असतं तरी बरोबर म्हटला असता. रविवारी उभी राहिले आणि एकेक नाव असं खणखणीत म्हटलं की स्वतःचंच कौतुक वाटलं. शेवटचं सोपं वाक्य राहिलं: ‘अब्राहामापासून दाविदापर्यंत सर्व मिळून चौदा पिढ्या.’ मी वाचलं, ‘चौदा पेढ्या.’

मागच्या बाकावरचं एक पोर फिसकन हसलं. बस्स. पुढचे तीन आठवडे मी त्या पेढ्यांचे हिशेब लिहीत बसले. पोळी लाटताना पेढ्या, आंघोळीला पाणी काढताना पेढ्या. तोंडपाठ म्हटलेल्या चाळीसएक नावांची आठवण एकदाही झाली नाही. आपलं मन हा असा मुनीम आहे: जमेची वही कोरी, खर्चाचीच काय ती भरलेली.

शेवटी न राहवून पहिल्या बाकावर बसणाऱ्या आजींना विचारलं, ‘आजी, माझं वाचन फारच वाईट झालं का हो?’ आजी म्हणाल्या, ‘अगं, मला कुठे ऐकू येतं! मी आपली तुझ्या तोंडाकडे बघत होते. घरी कुणी रागावलं होतं का तुला?’

आता यातली खरी गंमत ऐका. शिक्षा म्हणून मी तो अध्याय रोज मोठ्यानं वाचत होते. एके दिवशी बोटं मोडून पिढ्या मोजल्या. पहिला गट चौदा. दुसरा चौदा. तिसरा, शल्तीएलापासून येशूपर्यंत, तेरा! पुन्हा मोजले, तेराच. मग कळलं की हे कोडं फार जुनं आहे. कुणी दुसऱ्या गटातल्या शेवटच्या यखन्याला दोनदा मोजून चौदा भरतात, कुणी आणखी काही करतात. शिवाय योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे मत्तयानं गाळलेच आहेत. मोठे शास्त्रपंडित म्हणतात, आकडा हेतुपुरस्सर आहे, पूर्वी वंशावळी अशा आखडत असत. असेल. मी पंडित नाही. पण नव्या कराराच्या पहिल्याच पानावर हिशेबनीसाला अस्वस्थ करणारा आकडा आहे. आणि त्या यादीत सासऱ्यापासून मुलं झालेली तामार आहे, वेश्या राहाब आहे, मवाबातून आलेली परकी रूथ आहे, दाविदानं आपलीशी केलेली ‘उरीयाची बायको’ आहे. आपण वंशावळ लिहिली असती तर यातलं काय काय खोडलं असतं? देवानं खोडलं नाही. पेढ्या म्हणणारीही त्यात खपली असती, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. बारा मिनिटं? बरं, मुद्दे पळवते.

पहिला. ‘जसा तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा’, हे मत्तय ५:४८ आमच्यासारख्यांच्या उरावर बसतं. आम्ही ‘पूर्ण’चं ‘बिनचूक’ करून टाकतो. मूळ ग्रीक शब्द आहे तेलेइओस. परिपक्व, पूर्णत्वाला पोचलेला, असा त्याचा अर्थ. संदर्भही वैऱ्यावर प्रीती करण्याचा आहे, म्हणजे प्रीती अर्धवट ठेवू नका. येशूचं चरित्र लिहिणारा लूक त्याच जागी ‘दयाळू व्हा’ म्हणतो. त्याच धातूचा शब्द प्रेषित पौलाच्या पत्रात, प्रभूनं त्याला दिलेल्या उत्तरात येतो: ‘माझी कृपा तुला पुरे आहे; कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते.’ आणि वधस्तंभावरचं येशूचं ‘पूर्ण झाले आहे’ हेही तेच कूळ. तिन्ही ठिकाणी मराठीतही ‘पूर्ण’ आहे, आपण एकत्र वाचत नाही एवढंच. १५०५ साली मठात शिरलेला, पुढे धर्मसुधारक झालेला मार्टिन ल्यूथर तासन्‌तास पापं कबूल करी, कबुली देणारा आणि घेणारा दोघंही थकत. त्याची सुटका आणखी काटेकोर कबुलीनं झाली नाही, कृपेनं झाली.

दुसरा. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून देवाची वाणी आली, ‘तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे.’ मार्काच्या शुभवर्तमानात त्या क्षणापर्यंत येशूनं काय केलंय? ना चमत्कार, ना प्रवचन, शिष्य तर एकही नाही. संतुष्टी आधी, काम मागाहून. आम्ही उलटं वाचतो: आधी काम चोख, मग कदाचित संतुष्टी.

तिसरा, स्वतःला होकार कसा द्यायचा. आरशासमोर ‘मी सर्वोत्तम’ म्हणणं हा त्याच हट्टाचा नवा सदरा आहे. कारण सर्वोत्तम नसेन त्या दिवशी काय? क्लॉड स्टील या मानसशास्त्रज्ञानं १९८८मध्ये मांडलेला विचार मला जवळचा वाटतो. एका ठिकाणी ठेच लागली की माणूस आपल्याला मोलाच्या असलेल्या दुसऱ्या गोष्टीवर उभा राहून सावरू शकतो. श्रद्धावंताला ती जागा आयतीच मिळालेली आहे. मी रोज सकाळी ते यार्देनेचं वाक्य स्वतःचं नाव घालून म्हणते, ‘पुत्र’च्या जागी ‘कन्या’ करून. पहिल्या दिवशी आवाज फुटला नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, हा अहंकार तर नव्हे? मग लक्षात आलं, वाक्य माझं नाहीच. दुसऱ्यानं म्हटलेलं मी फक्त खोडत नाहीये.

हो, हो, बसते. चौथा मुद्दा, येशू घरी आला तेव्हा पाहुणचाराच्या कामातच गुंतून राहिलेल्या मार्थेचा होता. तो राहिला. मार्थेला हे मुळीच चालणार नाही, पण राहिला.