एका वाक्याच्या जोरावर लढलेली केस

मंडळी, आज आपण ज्या वकिलांसाठी जमलोय त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या मतदारसंघांच्या नकाशावर लढलेल्या केसबद्दल मी बोलणार आहे, पण आधी एक विचारते, फिलाडेल्फियाजवळच्या किंग ऑफ प्रशिया गावातल्या मॉलला न गेलेलं इथे कोणी आहे का? नाही ना. त्याच किंग ऑफ प्रशियात एक सीफूडचं रेस्टॉरंट आहे आणि २०११ ते २०१८ या काळात आपला सातवा काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, मतदारसंघ एका ठिकाणी फक्त त्या रेस्टॉरंटच्या रुंदीएवढा होता. म्हणजे मागे मतदारसंघ, पुढे मतदारसंघ, आणि मधे जोडणारं काय तर जेवणाचं हॉटेल. मी एकदा मुद्दाम तिथल्या पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले, फोनवर जुना नकाशा उघडला, दहा-वीस पावलं इकडे चालले की दुसरा खासदार, तिकडे चालले की तिसराच. नकाशा लांबून बघितला तर कार्टूनमधला गूफी डोनाल्ड डकला लाथ मारतोय असं दिसायचं, तेच नाव त्याला पडलं होतं. हा आकार कुणाच्या हातून चुकून झालेला नव्हता.

आपल्याकडे पालिकेच्या निवडणुकीआधी प्रभाग रचना जाहीर झाली की काय गोंधळ असतो ते तुम्हाला माहितीय, कुणाची गल्ली कुठे गेली, कुणाचा बालेकिल्ला फोडला. पण निदान लोकसभा-विधानसभेचे मतदारसंघ आपल्याकडे वेगळा आयोग ठरवतो. इथे पेनसिल्व्हेनियात काँग्रेसचे मतदारसंघ राज्याचं विधिमंडळच कायदा करून ठरवतं, म्हणजे ज्या पक्षाच्या हातात सत्ता त्याच्याच हातात पेन्सिल. २०११ ला ती रिपब्लिकन पक्षाच्या हातात होती (दुसऱ्या राज्यांत डेमोक्रॅट्सनीही हेच केलंय, हे सांगायलाच हवं). परिणाम काय झाला, तर २०१२ ला डेमोक्रॅट्सना राज्यभरात निम्म्याहून किंचित जास्त मतं पडली आणि १८ पैकी जागा मिळाल्या ५. २०१४ ला पण १३-५, २०१६ ला पण १३-५. मतं कमी-जास्त होत राहिली, आकडा हलला नाही.

आता आज ज्यांच्यासाठी आपण जमलोय त्या वकिलांकडे येते. जून २०१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या पब्लिक इंटरेस्ट लॉ सेंटरने केस टाकली, लीग ऑफ विमेन व्होटर्स या मतदारांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी आणि १८ साध्या मतदारांसाठी, प्रत्येक मतदारसंघातून एक. सेंटर छोटं, ना-नफा तत्त्वावर चालणारं. सोबत अर्नोल्ड अँड पोर्टर ही मोठी लॉ फर्म आली, एक डॉलर फी न घेता. अशा फर्मचे वकील तासावर पैसे लावतात, आणि त्यांनी या केससाठी किती रात्री जागवल्या असतील याचा विचार केला की मला खरंच भरून येतं.

त्यांची हुशारी कुठे होती ते ऐका. त्यांनी केस फक्त राज्याच्या घटनेवर उभी केली, देशाच्या घटनेला हातच लावला नाही. पेनसिल्व्हेनियाच्या घटनेत एक वाक्य १७९० पासून आहे, निवडणुका मुक्त आणि समान असतील, बस एवढंच. दोनशे वर्षांहून जुनं छोटंसं वाक्य, पण राज्याच्या घटनेचा अर्थ लावण्यात शेवटचा शब्द राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा, म्हणजे नकाशाच्या बाजूचे वॉशिंग्टनला, देशाच्या सुप्रीम कोर्टात धावले तरी तिथे त्यांच्या हाती फारसं काही लागणार नाही. आणि झालंही तसंच, फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथे निकालाला स्टे, म्हणजे स्थगिती मागितली, मिळाली नाही.

पण तिथपर्यंत पोचणं सोपं नव्हतं हो. खालच्या कोर्टाने केस थांबवून ठेवली होती. नोव्हेंबरात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ती स्वतःकडे घेतली आणि सांगितलं की वर्ष संपायच्या आत पुरावे पूर्ण करा. म्हणजे साक्षीदार, एक्स्पर्ट, कागदपत्रं, सगळं महिना-सव्वा महिन्यात! डिसेंबरात राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला सुनावणी झाली. मिशिगन युनिव्हर्सिटीचे जोवेई चेन यांनी कॉम्प्युटरवर १००० नकाशे तयार करून दाखवले, काउंट्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग) आणि गावं शक्यतो न फोडता काढलेले, आणि त्यातल्या एकातही १३-५ येत नव्हतं. एकातही नाही. गणित न येणाऱ्यालाही कळेल असा पुरावा आहे हा, आणि तो कोर्टात नीट समजेल असा मांडणं हे वकिलाचं काम. तरी खालच्या न्यायाधीशांनी म्हटलं की पक्षाचा फायदा बघूनच नकाशा काढलाय हे खरं, पण कायदा मोडला असं म्हणता येत नाही. इतकं राबून हे ऐकायचं! पण १७ जानेवारी २०१८ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टात युक्तिवाद झाला आणि पाचच दिवसांनी, २२ तारखेला नकाशा रद्द. विधिमंडळ आणि गव्हर्नर यांचं नव्या नकाशावर जमलं नाही म्हणून कोर्टानेच नकाशा दिला, जुन्यात २८ काउंट्या फोडलेल्या होत्या, नव्यात १३. त्यावरून न्यायाधीशांवर महाभियोग आणायच्या गोष्टी झाल्या, त्या तशाच विरल्या.

पुढच्याच वर्षी, २०१९ ला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५-४ ने सांगितलं की पक्षीय फायद्यासाठी काढलेल्या नकाशांचा निवाडा फेडरल कोर्टं करणार नाहीत. तेव्हा सगळ्यांना कळलं की आपल्या वकिलांनी निवडलेला राज्याच्या घटनेचा रस्ताच उघडा राहिलाय. नॉर्थ कॅरोलिनात त्याच रस्त्याने केस जिंकली गेली. तिथे नंतर कोर्टातले न्यायाधीश बदलले आणि २०२३ ला कोर्टाने दार लावून घेतलं, म्हणजे हे काम एकदा जिंकून संपत नाही, पण म्हणून त्या जागलेल्या रात्री वाया गेल्या असं मी कधीच म्हणणार नाही.

नोव्हेंबर २०१८ ला नव्या नकाशावर मतदान झालं, दोन्ही पक्षांना ९-९. त्या वेळी पेनसिल्व्हेनियातून काँग्रेसमध्ये एकही बाई नव्हती, त्या दिवशी एकदम चार निवडून आल्या. त्यातल्या मेरी गे स्कॅनलन पाचव्या मतदारसंघातून, म्हणजे बराचसा आपला जुना गूफीवाला भागच. त्या या केसमध्ये नव्हत्या, पण त्यांचं आधीचं काम माहितीय का? फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या फर्ममध्ये वकिलांना फुकट केसेस घ्यायला लावायचं काम त्या बघायच्या.